संदर्भयादीतले ‘आमचे हे’

२०२३चा श्रावण. त्या वर्षी आमच्या अख्ख्या लोणी गावाचे डोळे आले होते. नातीचे, हर्षालीचेही! आणि तिच्या एम.ए.च्या प्रकल्पाला दोनच दिवस उरलेले. विषय, मेंढपाळ घरांतल्या बायकांचे श्रम. संदर्भयादी वेळेत गेली नाही, तर वर्ष वाया.

“रडू नको,” मी म्हणाले. “मी जुनी सातवी पास हाय! तुझ्या झेरॉक्सा मी वाचते. तू डोळे मिटून पड!”

फोनपुढे बोललं की तो आपोआप लिहितो, एवढं तिनं शिकवलं. लेखक, साल, लेखाचं नाव. मी सुटले ती उतारावरच्या मेंढरांसारखी! मध्येमध्ये लेखही वाचत होते. लोकर, लेंडीखत, मेंढरांच्या वाड्यावरचा स्वयंपाक... अगं बाई, हे तर मी जन्मभर केलं! त्याला शोधनिबंध म्हणतात, हे कुणी सांगितलंच नाही.

मग यादीत आले एक प्राध्यापक. नेमकं आमच्या ह्यांचंच नाव! पन्नास वर्षांत उखाण्याशिवाय न घेतलेलं नाव फोनपुढे घेऊ? त्यात हे समोरच ओट्यावर, मिशीत हसत. मी हळूच म्हणाले, “आमचे हे, एकोणीसशे अठ्ठ्याण्णव.” त्यांच्याच दुसऱ्या लेखाला लेकीचं नाव लावून म्हटलं, “पुष्पाचे वडील.” तिसऱ्याला, “घरधनी.” गावात कुणालाही कळलं असतं!

हर्षालीनं यादी न बघताच धाडली.

तिसऱ्या दिवशी तिच्या आरती मॅडमचा फोन. “हर्षाली, हे ‘घरधनी’ कोण? ग्रंथपालांनी पुण्यापर्यंत चौकशी केली! खोटे संदर्भ असतील तर प्रकल्प रद्द होईल.”

पोरगी पांढरीफटक. मी फोन ओढून घेतला. “मॅडम, खोटं न्हाई वो! तिघं एकच हायेत!”

“मग त्यांचं नाव सांगा.”

“ते कसं सांगू? नवऱ्याचं नाव हाय!”

“तुमच्या मिस्टरांनी निबंध लिहिलेत?”

“न्हाई वो! ते मेंढरं राखायचे!”

शेवटी ह्यांनीच ओट्यावरनं ओरडून स्वतःचं नाव सांगितलं. मॅडम इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. म्हणाल्या, “मुदत वाढवते. नाव न घेणाऱ्या बायकांवर एक प्रकरण लिही. पहिली मुलाखत आजींची!”

हर्षाली फर्स्ट क्लासात पास झाली. आता मंचरला शिकवते आणि नवऱ्याला खुशाल “ए ऋषी” म्हणते. आरती मॅडम दर दिवाळीला आमच्याकडे बाजरीची भाकरी खाऊन जातात. आमचे हे ती जुनी यादी खिशात ठेवून एस.टी.त दाखवतात, “लई लिहिलंय राव आपण!”

आणि मी? त्या मुलाखतीत हिय्या करून नाव घेतलं, चांगलं मोठ्यांदा! हर्षाली म्हणाली, “आज्जे, रेकॉर्डिंग चालू करायचं राहिलं. पुन्हा घे ना.”

पुन्हा? एवढं काय स्वस्त आहे ते नाव!