साळवती नदीची नोंद शाळेत येते

सोमवारी तिसऱ्या तासाला ऑनलाइन विश्वकोशातली ‘साळवती नदी’ ही नोंद स्वतः शाळेत तक्रार द्यायला आली. शिपायाने अभ्यागतांच्या वहीत तिची सही घेतली आणि तिला मुख्याध्यापिका घोडके बाईंच्या खोलीत बसवलं. नोंद उंच, सडपातळ होती; अंगावर जागोजागी निळ्या ओळी होत्या.

नववी ‘ब’च्या एकेचाळीस मुलांनी भूगोलाच्या प्रकल्पात तिला जशीच्या तशी उतरवली होती.

“उतरवल्याचं काही नाही,” नोंद म्हणाली. “पण एकानंही मला वाचलेलं नाही. संगणक सुरू केला, कॉपी केलं, पेस्ट केलं, झाला प्रकल्प! हा अपमान आहे.”

बाईंनी अर्ज दोन प्रतींत मागितला आणि वर्गातल्या बेचाळिसाव्या मुलीला, प्रज्वला सोनटक्केला, बोलावून घेतलं. तिचा एकटीचा प्रकल्प वेगळा होता.

प्रज्वला आली तीच तणतणत. “मी वाचलंय तुम्हाला. दोनदा. ‘नदी बारमाही वाहते’ हे चूक आहे, असं शाळेतल्या संगणकावरून मी तीनदा कळवलं. तिन्ही वेळा तुम्ही माझी दुरुस्ती पुसून टाकलीत!”

“संदर्भ नव्हता,” नोंद शांतपणे म्हणाली.

“उन्हाळाभर मी नदीतून चालत येते. चप्पलसुद्धा भिजत नाही.”

“चप्पल हा संदर्भ होत नाही.”

‘विश्वकोशाशी जुळत नाही’ असा शेरा मारून भूगोलाच्या सरांनी प्रज्वलाचा प्रकल्प परत केला होता. उतरवणाऱ्या एकेचाळिसांना अ श्रेणी मिळाली होती. ती बाईंकडे वळली. “बाई, हिला नदीवर न्यायची परवानगी द्या. आत्ताच्या आत्ता.”

बाईंनी नियमांचं पुस्तक चाळलं. नोंदीला सहलीला नेऊ नये असं त्यात कुठेच नव्हतं. पालकांच्या जागी त्यांनी स्वतःच सही केली.

नदी शाळेमागे दहा मिनिटांवर होती. नोंद पात्रात उतरली. पायाखाली वाळू करकरली. तिने वर पाहिलं, खाली पाहिलं. लांबवर एक बाई वाळूत खड्डा उकरून वाटीवाटीने घागर भरत होती.

“कधीपासून?” नोंदीचा आवाज बारीक झाला होता.

“दरवर्षी. फेब्रुवारीपासून.”

नोंद वाळूत खाली बसली. तिने हात पुढे केला. “तुझी वही दे. उतरवून घेते.”

प्रज्वलाने वही छातीशी घट्ट धरली. “मुळीच नाही. त्या काकूंना जाऊन विचारा.”

नोंद उठली आणि खड्ड्याशी जाऊन उकिडवी बसली. काकूंनी मान वर न करता तिच्या हातात वाटी दिली.

“आधी भरू लाग,” त्या म्हणाल्या.