उशाचा धोंडा

एका धोंड्याला मी शेंदूर फासला. चूक माझीच.

धोंडा होता शेजारच्या सुभेदार आबांचा. म्हणजे सातबाऱ्यावर नव्हे. कुंडलजवळच्या माळावर पुरुषभर उंचीचा तो उभा धोंडा, त्यापुढे मातीचा उंचवटा आणि भोवती गोलात मांडलेले दगड, एवढ्या सगळ्याची काळजी वाहणारे आबा एकटेच. फौजेतून आल्यावर माणसं ऊस लावतात, सरपंचकीला उभी राहतात. आबा थडगी बघत हिंडतात. शहरातून आलेल्या एका अभ्यासक बाईंनी त्यांना सांगितलं, की ही हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांची थडगी. तेव्हापासून स्कूटरच्या हुकाला खुरपं अडकवून ते अशी थडगी शोधत पार साताऱ्याकडच्या खंडाळ्यापर्यंत जाऊन येतात. भोवतीचं गवत काढतात, टाचा जुळवतात आणि धोंड्याला विचारतात, "सब ठीक?" उत्तराची वाटही बघतात.

कुणी बांधासाठी दगड उचलला की म्हणतात, "कुणाच्या उशाचा काढलास रं?" एकदा मी त्या उंचवट्यावर टेकलो, तर म्हणाले, "मास्तर, उठा. छातीवर बसलायसा त्याच्या." जन्मभर इतिहास शिकवलेला मी, कान धरल्यासारखा उठलो.

मोतीबिंदू काढायला आबा साताऱ्याला लेकीकडे गेले, ते माळ माझ्यावर सोपवून. तिसऱ्याच दिवशी कळलं, जमीनमालक माळ सपाट करायला जेसीबी आणतोय. भांडायची धमक माझ्यात नाही. म्हणून सकाळी लवकर शेंदराचा डबा आणि नारळ घेऊन गेलो आणि धोंडा वरपासून खालपर्यंत रंगवला. वर दोन डोळेही काढले. जेसीबीच्या ड्रायव्हरनं चपला काढल्या, पाया पडला आणि मशीन माघारी नेलं. मालकानंही हात जोडले. स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूश, की घरी येऊन दोनदा चहा मागितला.

आबा पंधरवड्यानं परतले. तोवर गावानं धोंड्याचा म्हसोबा करून वर पत्रा, खाली फरशी आणि समोर घंटा बसवली होती. गोलातले दगड चौथऱ्यात गेले होते. उंचवटा खणून सपाट केला होता.

काळ्या चष्म्यातून आबा बघत राहिले. टाचा जुळवल्या, पण विचारलं काहीच नाही. मी माफी मागितली. धोंडा तरी वाचला, असंही पुटपुटलो.

मग ते म्हणाले, "माजा धाकटा भाऊबी फौजेत हुता. बर्फात गेला. घावलाच न्हाई. जाळायला न्हाई, पुरायला न्हाई. हितं पाठ टेकून बसलं की वाटायचं, कुणीतरी कुणाला नीट निजवलंय."

"आताही बसत जा की, आबा."

"देवाला पाठ टेकून बसत्यात व्हय?"

मी खाली बघितलं. फरशी नवी होती, लख्ख पुसलेली. आबांनी स्कूटरला किक मारली आणि माझ्याकडे वळून म्हणाले,

"मोतीबिंदू मला झाला हुता, मास्तर. तुमाला काय झालं हुतं?"