उगीच नाही आलो

आमचे घरमालक अण्णा आमच्याशी नेहमी पाठ करून बोलत. भांडण झालं होतं म्हणून नव्हे, त्यांची रीतच ती. अकरा पायऱ्या चढून वर यायचं, आमची बेल तीनदा दाबायची, लगेच दोन पायऱ्या उतरायचं आणि जिन्यातल्या खिडकीकडे तोंड करून उभं राहायचं. मी दार उघडलं की समोर मरून स्वेटरातली एक पाठ. ती पाठ म्हणायची, "मृणालम्मा, उगीच नाही आलो हं. काम होतं."

मृणालम्मा म्हणजे मी. वय वर्षं सव्वीस, लग्नाला जेमतेम वीस दिवस झालेले, आणि बसवनगुडीत पाऊल टाकल्याटाकल्या मी अम्मा झाले. निखिलचा निखिलप्पा झाला. तो बिचारा आरशात बघून पांढरे केस शोधायला लागला.

पाठीचं कारण निखिलनं पहिल्याच आठवड्यात विचारून टाकलं. अण्णा खिडकीला म्हणाले, "नवा संसार आहे तुमचा. दार उघडलं की आत बघू नये. आवडत नाही." कुणाला आवडत नाही, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

घर मिळालं ते सासूबाईंमुळे. निखिलचं ऑफिस इलेक्ट्रॉनिक सिटीत, माझं काम घरूनच. आम्हाला खरं तर लिफ्टवाला, पोहण्याच्या तलावाचा फ्लॅट हवा होता. पण घरमालक मराठी आहेत एवढं नाशिकला कळलं आणि विषय संपला. "परक्या गावात आपलं माणूस मिळतंय, आणखी काय पाहिजे?" सासूबाई म्हणाल्या. आपलं माणूस किती आपलं असावं, याला काही माप असतं, हे त्यांना फोनवरून कसं सांगणार?

अण्णांचं आमच्याबद्दलचं मत स्वच्छ होतं. "आम्ही साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून आलो, तुम्ही मागच्या मंगळवारी विमानानं आलात. एवढाच फरक." या साडेतीनशे वर्षांत त्यांच्या मराठीत कन्नड मुरलं होतं. वाक्यात एकदा 'स्वल्प', म्हणजे जरा, आणि शेवटी 'सरी?', म्हणजे ठीक ना, हे आल्याशिवाय त्यांचं बोलणं पुरं व्हायचं नाही. "स्वल्प खिडक्या लावून घ्या, सहा वाजले, डास येतात, सरी?" रात्री जेवताना निखिल माझा मरून स्वेटर खांद्यावर टाकून फ्रिजकडे तोंड करून उभा राहायचा आणि म्हणायचा, "स्वल्प कोशिंबीर वाढा, सरी?" मी हसून हसून ताटावर पडायची. नव्या लग्नात दोघांना मिळून हसायला एक माणूस लागतो. आम्हाला तो तळमजल्यावरच मिळाला होता.

अण्णांना कामांची कधी वानवा नसे. सकाळी दूधवाला उशिरा येणार आहे, हे सांगायला यायचे. अकराला कोपऱ्यावरच्या गाडीवर अवरेकाळू आलेत, हे सांगायला. म्हणजे पावट्याचे दाणे, पण नुसतं पावटा म्हटलेलं अण्णांना खपायचं नाही. "वास घेऊन घ्या मृणालम्मा. वास नाही तर काळू नाही." दुपारी ढग आलेत, कपडे काढा. चारला ढग गेले, कपडे घाला. एकदा तर, आज काही काम नाही, काळजी करू नका, हे सांगायला आले होते.

मी एकदा सुचवलं, "अण्णा, एवढ्या पायऱ्या कशाला चढता? फोन करत जा ना." पाठ ताठ झाली. "फोन परगावच्या माणसाला करायचा. अकरा पायऱ्यांना फोन काय?" मग म्हटलं, निदान दारावर टकटक करा, ती बेल फार कर्कश आहे. तर, "दारावर थाप पोलिसांनी मारायची. घरच्या माणसानं बेल मारायची." असे त्यांचे नियम. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, जाऊन सहा वर्षं झाली होती. एकुलता मुलगा आणि सून मारतहळ्ळीला राहायचे, याच गावात. "ऑफिस जवळ पडतं त्यांना," अण्णा सांगायचे. "दोघंही कामात. येतील." पाच महिन्यांत मी त्यांना आलेलं पाहिलं नव्हतं. पण हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. मी माझ्या मीटिंगा मोजत होते.

आणि मीटिंगवरूनच सगळं झालं.

नळाला कावेरीचं पाणी एक दिवसाआड यायचं. ते आलं की वरच्या टाकीची मोटर आम्ही लावायची, तिचं बटण आमच्या स्वयंपाकघरात. पाणी आल्याचं अण्णा पाहुणी आल्यासारखं सांगायचे. एका सोमवारी मी मोठ्या साहेबांसमोर बोलत होते, माइक चालू. बेल वाजली, तीनदा. मी उठले नाही. पुन्हा तीनदा. मी पळत जाऊन दार उघडलं आणि पाठ खणखणीत आवाजात म्हणाली, "मृणालम्मा, कावेरी आली! लवकर घ्या, जाईल!" परत येऊन बसले तर पडद्यावरचे अकरा चेहरे हसत होते. साहेबांनी विचारलं, "मृणाल, कौन आया है? पहले उनसे मिल लो." त्यानंतर प्रत्येक मीटिंगची सुरुवात 'कावेरीजी कशा आहेत' अशी व्हायला लागली. नवी नोकरी, नवं गाव. मला रडू यायचं बाकी होतं.

त्या रविवारी आम्ही बेलची वायर कापली. कल्पना माझी, पक्कड निखिलची. तो जरा घुटमळला होता, हे सांगायलाच हवं. "नीट सांगू या ना त्यांना," तो म्हणाला. मी म्हटलं, "पाठीला काय नीट सांगणार?" तो हसला आणि स्टुलावर चढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चपला वाजल्या. अकरा पायऱ्या. मग बटणाचा कट, कट, कट असा कोरडा आवाज. आम्ही दोघं दाराच्या अलीकडे श्वास रोखून उभे. निखिलनं तोंडात टॉवेलचा बोळा धरला होता. बाहेर थोडा वेळ शांतता. मग चपला खाली गेल्या. दार उघडून बघितलं तर कडीला कढीलिंबाची जुडी अडकवलेली. "बघ, कळलंसुद्धा नाही त्यांना," मी म्हटलं. "ऐकू कमी येतं बहुतेक."

पुढे रोज हेच. अकरा पायऱ्या, तीन कोरडे कट, थोडी शांतता, उतरणाऱ्या चपला. कडीला कधी सोललेले अवरेकाळू, कधी देवळापाशी भरलेल्या शेंगांच्या जत्रेतल्या भाजक्या शेंगांची पुडी. शेंगा आम्ही पिक्चर बघताना खाल्ल्या. छान होत्या.

दहाव्या दिवशी टाकी रिकामी झाली. इतके दिवस अंदाजानं मोटर लावून भागवलं होतं, पण कावेरी कधी येते आणि कधी जाते, हे सांगणाराच तोडल्यावर अंदाज किती चालणार? निखिल न्हाणीघरात डोक्यावर शांपूचा फेस घेऊन ओरडत होता. मी बादली घेऊन खाली धावले. अण्णांचं दार सताड उघडं असायचं, त्याला बेलच नव्हती. त्यांनी बादली भरून दिली आणि नळाकडे बघत सहज विचारलं, "तुमची बेल वाजत नाही वाटतं?"

तिथे मी खरं बोलू शकले असते. जागा होती, वेळ होता. पण माझी जीभ माझ्याआधी पळते. "हो ना अण्णा, बिघडलीय कधीची! निखिलला किती वेळा म्हटलं, दुरुस्त कर म्हणून."

"सरी," अण्णा म्हणाले. "मंजण्णाला बोलावतो."

मंजण्णा तासाभरात हजर! निखिल ओल्या डोक्यानंच ऑफिसला पळालेला. वायर परत जोडायला मला पाच मिनिटंही मिळाली नाहीत. मंजण्णा गल्लीतला जुना वायरमन, या घरातला दिवा न् दिवा त्यानं लावलेला. तो स्टुलावर चढला, बेलचं झाकण काढलं आणि हसला. "मॅडम, ये खराब नहीं हुआ. किसीने काटा है."

मी भिंतीकडे बघत होते. अण्णा उंबऱ्याबाहेर उभे होते, नेहमीसारखे पाठ करून.

"उंदीर असेल," पाठ म्हणाली. "या घरात उंदीर फार."

"चूहा इतना सीधा काटेगा क्या, सर?" मंजण्णाला कामात खोटं चालत नव्हतं. त्यानं वायर ओढून माझ्यासमोर धरली. कापलेल्या टोकाच्या वितभर अलीकडे काळ्या चिकटपट्टीची एक जुनी गाठ होती. "और ये देखो, पुराना जॉइंट. मैंने ही लगाया था. सर का बेटा-बहू ऊपर रहते थे ना, उस टाइम भी ऐसाच कटा था."

खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता.

"तेव्हाही उंदीरच होता," अण्णा म्हणाले. "जोडून टाक."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. आत बघितलेलं कुणाला आवडत नव्हतं, ते आता कळलं. मुलाला आणि सुनेला ऑफिस का जवळ पडत होतं, तेही कळलं. पण खरी लाज पुढेच होती. मंजण्णानं वायर जोडून मला बटण दाबायला सांगितलं. मी दाबलं, आणि बेलचा आवाज जिन्यातून थेट अण्णांच्या उघड्या दारात जाऊन परत वर घुमला. खाली त्यांच्या खोलीत बसूनसुद्धा ती ऐकू आली असती. म्हणजे पहिल्या दिवशी, पहिल्याच कटला अण्णांना कळलं होतं. हा आवाज कशानं बंद होतो, ते एकदा पाहिलेल्या माणसाला तर नक्कीच. तरी ते नऊ दिवस चढत राहिले. मुकी बेल तीनदा दाबायची, आमच्या मिटलेल्या दारासमोर जरा थांबायचं, कडीला काहीतरी अडकवायचं आणि उतरायचं. आणि आम्ही आत टॉवेल तोंडात धरून उभे!

संध्याकाळी निखिलला सांगितलं. तो कितीतरी वेळ बूट न काढता बसून राहिला. "शेंगा," एवढंच म्हणाला.

बेल दुरुस्त झाली आणि अण्णांचं येणं बंद झालं. डास झाले, ढग झाले, दूधवाला उशिरा आला, बेल वाजली नाही. पाणी आलं की खालून नळाच्या पाइपावर चमच्यानं तीनदा टकटक व्हायची, तीही हळू, माझ्या मीटिंगला ऐकू जाणार नाही अशी. सकाळी चहा पिताना आम्ही दोघं कान देऊन बसायचो आणि एकमेकांकडे बघायचं टाळायचो. फ्रिजसमोरची नक्कल त्यानंतर कुणी केली नाही. मला माझ्याच घरात चोरट्यासारखं वाटायला लागलं.

पाच दिवस मी कारण शोधत होते. साखर संपली म्हणू? पाटा मागू? मोटर अडकली म्हणू? खोटं बोलायला मी किती तयार आहे, हे पाहून माझी मलाच किळस आली. सहाव्या दिवशी सकाळी हात हलवत अकरा पायऱ्या उतरले. अण्णा दारासमोर खुर्चीत पेपर वाचत होते. मी उंबऱ्यापाशी पोचले आणि पुढे पाऊल पडेना. तोंड दाखवायला जागा नव्हती. म्हणून मी वळले आणि त्यांच्याकडे पाठ करून, रस्त्याकडे बघत उभी राहिले.

"कोण, मृणालम्मा? पाणी गेलं का?"

"नाही अण्णा."

"मग गॅस?"

"नाही."

"काम काय होतं?"

"काही काम नाही," मी म्हटलं. "उगीच आले."

मागे पेपरची घडी झाल्याचा आवाज आला. "अण्णा, ते उंदीर..." मी सुरुवात केली.

"लहान उंदीर होते," ते म्हणाले. "उंदरांनाही कळतं हळूहळू." आणि मग, पाच महिन्यांत पहिल्यांदा, मला 'तू' म्हणाले. "उगीच आलीस, तर पाठ करून का उभी आहेस? घरची माणसं उगीचच येतात. फिर की इकडे."

मी फिरले. अण्णांचा चेहरा मी असा समोरून, जवळून, बहुधा पहिल्यांदाच पाहिला. पाठ मी हजारात ओळखली असती. चेहरा रस्त्यात दिसता, तर कदाचित नसता ओळखला. डाव्या भुवईत एक पांढरा केस लांब वाढलेला होता, आणि डोळे माझ्यापेक्षा ओले.

"स्वल्प बस. कॉफी करतो," म्हणत ते आत गेले. भांडं ठेवल्याचा आवाज आला, मग गॅसचा, आणि मग स्वयंपाकघरातून त्यांनी विचारलं, "साखर किती घेतेस ग? मला ठाऊकच नाही."

"एक चमचा," मी म्हटलं. पाच महिने हा माणूस रोज माझ्या दाराशी येऊन उभा राहिला होता, आणि त्याच्या कॉफीत साखर किती लागते, ते मलाही ठाऊक नव्हतं. मी त्यांना कधी आत या म्हटलंच नव्हतं.