पायाळू डॉक्टरीण

साल दोन हजार बावीस, जानेवारीचा शेवट. यवतमाळात सुहासिनीबाईंच्या पुढच्या खोलीत त्यांच्या सुनेनं, भैरवीनं, फिजिओथेरपीचा दवाखाना उघडून दीड महिना झाला होता. पेशंट आले होते दोन. एक पत्ता विचारायला आणि दुसरे घरचेच, सासरे नंदकिशोरराव, ज्यांना काही दुखतच नव्हतं.

साडेचार वर्षं शिकलेली पोर! आखडलेला स्नायू नुसत्या बोटांनी शोधून लोण्यासारखा मऊ करायची. हाडांचे डॉक्टर अवधूत शनिवारी अकराला येऊन तिचं काम बघणार होते. पटलं तर आपले पेशंट पाठवणार होते. नाही तर भैरवी नागपूरची नोकरी धरणार होती.

"शनिवारी दवाखाना भरलेला दाखवते," सुहासिनीबाई म्हणाल्या. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेत काढलेली बाई. अडलेली फाईल कशी हलवायची ते त्यांना कोण शिकवणार?

राळेगावकडच्या तांड्यावरून भाजी घेऊन येणाऱ्या पुष्पाला त्यांनी दारात थांबवलं आणि सुनेच्या हाताचं अर्धा तास कौतुक केलं. पुष्पा मेथीची जुडी सोडवत नुसती हं हं करत राहिली. मग सुहासिनीबाईंना लग्नाच्या बोलणीतली जुनी गोष्ट आठवली आणि जाता जाता त्या बोलून गेल्या, "अन् पायाळू आहे बरं आमची भैरवी."

पुष्पाच्या हातातली जुडी खाली पडली.

जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू, आणि त्यानं लाथ मारली की कमरेत भरलेली चमक निघते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. शनिवारी साडेनऊला दारात जीप थांबली. तिच्यातून अकरा कंबरा उतरल्या, एकही सरळ नाही. सुहासिनीबाईंचा ऊर भरून आला. तेवढ्यात सगळ्यांत म्हातारा देवीलाल व्हरांड्यातच पालथा पडला.

"काका, आत टेबलावर झोपा. हातानं मोकळं करते," भैरवी म्हणाली.

"हातानं कायले? लाथ मार नं, बाई."

भैरवीनं सासूकडे पाहिलं. सासूनं छताकडे पाहिलं.

भैरवीनं कसंबसं त्याला टेबलावर घेतलं आणि पाऊण तास पाठीवर मेहनत केली. म्हातारा उठला, वाकला, वळला, दोन पावलं चालला आणि पुन्हा व्हरांड्यात येऊन पालथा पडला. आराम पडला म्हणाला, पण लाथ राह्यली. ती घेतल्याशिवाय तांड्यात तोंड कसं दाखवू? मागचे दहा जणही एकेक करून आडवे व्हायला लागले. व्हरांडा पापड वाळत घातल्यासारखा दिसू लागला. घड्याळात अकराला पाच कमी.

"अगं, लाव एकदाचा पाय," सुहासिनीबाई कळवळून म्हणाल्या, "जातील बिचारे."

"आई, मी डॉक्टर आहे."

"मारू नकोस. नुसता टेकव."

डोळे मिटून, दात आवळून भैरवीनं अंगठा टेकवला. देवीलाल ताडकन उभा राहिला. "गेली!" तो ओरडला. आणि फाटकात डॉक्टर अवधूत उभे होते.

ते पापड ओलांडत आत गेले, भैरवीलाही आत बोलावलं, दार लोटलं. सुहासिनीबाईंना नागपूरची गाडी दिसू लागली. त्यांनी दाराला कान लावला.

"ऑपरेशनं करून करून माझीही कंबर गेलीय," डॉक्टर हळू आवाजात म्हणत होते. "कुठे झोपू? आणि हे बाहेर बोलू नका."

देवीलाल अजून सायकलवर राळेगावला जातो. पुष्पा जीप भरून आणते. भाजी तिनं सोडली. डॉक्टर अवधूतांच्या चिठ्ठीवर 'फिजिओथेरपी, दहा दिवस' असं लिहिलेलं असतं आणि खाली मुंगीच्या अक्षरात, 'शेवटी पाय'. भैरवीनं 'येथे लाथ मारली जात नाही' अशी पाटी लावली. तेव्हापासून गर्दी दुप्पट झाली. ज्यांना पत्ता सापडत नव्हता त्यांनाही आता सापडतो.

आणि सुहासिनीबाई? गेल्या दिवाळीत त्यांच्याच कमरेत चमक भरली. सुनेची लाथ मागणार कशी? शेजारची इंदूबाई खिडकीतच बसलेली. दहा दिवस त्यांनी हातानंच उपचार घेतले आणि त्या ठणठणीत बऱ्या झाल्या. भेटेल त्याला त्या सांगतात, हातात जादू आहे हो पोरीच्या. लोक शेवटपर्यंत ऐकून घेतात आणि मग हळूच विचारतात, "ते ठीक आहे. पण लाथ कोणत्या दिवशी मारली?"