धोंडूअण्णांची नवी चाल

एका जंगलात एक बँड होता. जंगलात बँड कसा, असं ज्याला विचारायचं असेल त्याने आत्ताच हात धुऊन जेवायला बसावं. बाकीच्यांनी ऐका.

बँडचं नाव 'अखंड'. एकदा गाणं सुरू झालं की सकाळची दुपार व्हायची, तरी संपायचं नाही. ढोलावर धोंडूअण्णा अस्वल. तीस वर्षं वाजवत होते. गाणी तीच, पण दर वेळी निराळी वाजायची.

आणि चाहते? विचारूच नका! प्रत्येकाने एकेक पोपट पाळलेला. पोपटाला मैफलीला न्यायचं, त्याने सगळं पाठ करायचं आणि घरी येऊन म्हणून दाखवायचं. गाणं, ढोल, मधेच कोण खोकलं ते, सगळं.

एकदा अण्णांनी नवी चाल बांधली. अख्खा हिवाळा त्यात घालवला. "एकाने तरी नीट ऐकून सांगावं, कशी झालीय. बस्स!" ते बायकोला म्हणाले.

रविवारी सगळे वडाखाली जमले. अण्णांनी टिपरू उचललं.

तेवढ्यात दत्तोबा सांबर शेजारच्या शेवंताबाई मुंगसिणीला म्हणाला, "आज काहीही वाजवोत. करवंदीच्या माळावरची मैफल ती मैफल! तेविसावं वर्ष."

"हॅ! पंचविसाव्या वर्षीची, नदीकाठची. ढोल फुटला, तरी अण्णा स्वतःच्या पोटावर वाजवत राहिले."

"तुम्ही होतात तिथे?"

"मी नव्हते. माझा पोपट होता."

"हाच पोपट, की हा दुसऱ्या पोपटाकडून शिकलाय?"

हे फारच झोंबलं. शेवंताबाईंनी पोपटाला ढोसलं. तो नदीकाठची मैफल म्हणू लागला. दत्तोबाच्या पोपटाने करवंदीच्या माळावरची सुरू केली. मग काय, वडाखालचे चाळीसच्या चाळीस पोपट सुटले.

समोर अण्णा नवी चाल वाजवत होते. अगदी जीव तोडून वाजवत होते.

शेवंताबाई वैतागून उठल्या. "अहो अण्णा, जरा हळू! तुमच्या ढोलामुळे तुमचा ढोल ऐकू येत नाहीये!"

अण्णा थांबले. "नवी चाल होती," ते म्हणाले. "कशी वाटली?"

"छानच हो," दत्तोबा म्हणाला, "पण तेविसाव्या वर्षाची सर नाही."

अण्णांना रडूच आलं. टिपरू ठेवून ते घरी गेले आणि बँड बंद पडला.

आठवड्याभराने चाहते अण्णांच्या गुहेपाशी आले. दत्तोबाच्या शिंगांवर मधाचं हे एवढं पोळं! अण्णांचं काळीज सुपाएवढं झालं. "अगं, ढोल काढ!" ते आत ओरडले. "मला न्यायला आलेत!"

"छे छे, बसा तुम्ही," दत्तोबा म्हणाला. "आभार मानायला आलोय. सर्वोत्तम दहा मैफलींची यादी एकदाची पक्की झाली. तुम्ही वाजवत होतात तोवर दर रविवारी बिघडायची बघा. भांडून भांडून घसे बसले होते आमचे."

"तेव्हा एक विनंती आहे," शेवंताबाईंनी हात जोडले. "आमच्यावर थोडं जरी प्रेम असेल ना अण्णा, तर आता परत वाजवू नका."

तात्पर्य: मुलांनो, कलावंतावर जिवापाड प्रेम करा. तो मधे मधे करू लागला, तर त्याला गोडीगुलाबीने घरी बसवा.