एकेहार्टरावांचं वेटोळं

"आज त्या डेटलेफचं नाक खाली केलं नाही तर नाव सांगणार नाही!" दाढी करता करता एकेहार्टरावांनी आरशाला बजावलं. आरशानं बिचाऱ्यानं ऐकून घेतलं. घरात दुसरं ऐकणारं होतं कोण?

जर्मनीतल्या, थुरिंगियातल्या त्या गावात निम्म्या तळघरांत बटाटे, निम्म्यांत खेळण्यातली आगगाडी! अर्थात 'खेळण्यातली' म्हटलेलं एकेहार्टरावांना खपत नसे. जन्मभर रेल्वेचे सिग्नल सांभाळले आणि निवृत्त होताच तळघरात स्वतःची रेल्वे उभी केली. वर सगळ्यांना दिसणारा डोंगर, चर्च, बोगदा. खाली फळ्यांआड 'सावलीचं स्टेशन'. तिथं गाड्या दडून बसायच्या आणि बटण दाबलं की चकलीसारखं वेटोळं चढून बोगद्यातून बाहेर पडायच्या. जणू थेट हॅम्बुर्गहून आल्या!

या वेटोळ्यापायी त्यांची बायको, रोझविथा, समुद्र बघायची राहिली होती. "एवढं वेटोळं होऊ दे, मग बाल्टिकला जाऊ," हे तिनं इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकलं होतं, की हल्ली समुद्राचं नाव निघालं की ती भांडी घासायला उठे.

पण आज वेटोळं पुरं झालं होतं! आज रोझविथाचा वाढदिवस. पाहुणे येणार, मेहुणा डेटलेफही येणार. हा रेल्वे क्लबाचा अध्यक्ष. "दाजी, चढ फार आहे. गाडी चढायची नाही," असं यानं भर क्लबात सांगितलं होतं. आज चढणार! आणि शेवटच्या उघड्या डब्यात बाल्टिकची दोन खरीखुरी तिकिटं येणार, दुपारी चारच्या गाडीची. रोझविथाला त्यांनी फक्त "बॅग भरून ठेव" म्हणून सांगितलं होतं. तिनं भरली. का, ते विचारलं नाही. विचारणं तिनं कधीच सोडून दिलं होतं.

केक खाऊन मंडळी तळघरात उतरली. एकेहार्टराव फळ्यांआड गेले, बटण दाबलं. गाडी निघाली, चढली, आणि वेटोळ्याच्या मध्यावर बसली! चाकं गरगर जागच्या जागी. डेटलेफ खरा ठरला होता, मेला!

एकेहार्टराव खालच्या झडपेतून रांगत वेटोळ्याच्या पोटात शिरले. मागं आवाज आला, खट्! मांजर आत झोपायला जाऊ नये म्हणून त्यांनीच त्या झडपेला बाहेरून कडी बसवली होती. आपोआप पडणारी! त्या कडीचं त्यांना केवढं कौतुक होतं.

आता ओरडावं तर डेटलेफला कळणार. त्यापेक्षा मेलेलं बरं! एकेहार्टराव श्वास रोखून गाडी हातानं ढकलायला लागले. एक वळण, दुसरं वळण. कोपर सोललं, पाठ वाकली, पण गाडी बोगद्यातून बाहेर पडली.

टाळ्या! "च्यायला, काय मऊ चालते! हातानं ढकलल्यागत!" डेटलेफ म्हणाला. आत एकेहार्टरावांचे डोळे भरून आले.

मग वर कागद फडफडला. रोझविथाला तिकिटं दिसली होती.

"एकेहार्ट!" तिचा आवाज कापत होता. असा आवाज त्यांनी लग्नानंतर ऐकलाच नव्हता. "अरे, आजचीच आहेत ही! वेळ झाली की! येतोस ना?"

आता तरी बोलायचं होतं त्यांनी! पण डेटलेफ तिथंच उभा होता ना. तोंडातून जन्माची सवय बाहेर पडली.

"तू हो पुढे! आलोच!"

"आलोच," रोझविथा हळूच म्हणाली. "डेटलेफ, ऐकलंस? आयुष्यभर हेच. नजरेआड गेलेलं सगळं खालच्या स्टेशनात उभं असतं, बटण दाबलं की परत येतं, असं वाटतं याला."

जिन्यावर बॅगेची चाकं वाजली. थोड्या वेळानं गाडी उतारावरून आपोआप खाली आली, नाकासमोर थांबली. डब्यात तिकीट होतं. एकच.

"डेटलेफ!" एकेहार्टराव किंचाळले. "कडी काढ रे! मी आत आहे!"

"आत? म्हणजे हातानं..." डेटलेफ पोट धरधरून हसला. कडी काढायच्या आधी त्यानं पट्टी लावून चढ मोजला. "फारच आहे, दाजी. मी म्हटलं नव्हतं?"

एकेहार्टराव सपाता घालूनच स्टेशनाकडे धावत सुटले. ज्या उशिरांना जन्मभर शिव्या घातल्या, तसला एक उशीर आज होऊ दे म्हणून वाटेत देवाला हात जोडत होते. ही गाडी कधी वेळेवर सुटते का? उभ्या गावाला ठाऊक होतं!

फलाट रिकामा होता.

"चारची?" झाडूवाला म्हणाला. "गेली की! आज चक्क वेळेवर. तुम्ही जुने रेल्वेवाले, तुम्हाला बरं वाटेल."