पाचव्या तबकडीतला तंबोरा

बदनापूरला आमच्या शेजारी राहणाऱ्या भगवानरावांकडे चहा मिळण्यापूर्वी परीक्षा द्यावी लागते. प्रथम ते पंखा बंद करतात. मग एकच भजन ग्रामोफोनच्या चार तबकड्यांवरून चार वेळा ऐकवतात आणि विचारतात, "सांगा फरक."

भगवानरावांची सारी नोकरी कृषी संशोधन केंद्रात बियाणे पारखण्यात गेली. तबकड्यांकडेही ते त्याच दृष्टीने पाहतात. मधल्या कागदाजवळ कोरलेला अंक भिंगातून वाचून ती कितव्या साच्यातून छापली ते सांगतात; साचा जितका आधीचा, तितका आवाज भरीव. "वाण एकच हो, शास्त्रीबुवा. पण ही पेरणी पातळ झाली. तंबोरा उगवलाच न्हाई."

पोथ्यांतील पाठभेद ताडून पाहण्यात माझे आयुष्य गेले. तरीही त्या चार तबकड्यांतील भेद मला कधी कळला नाही. चहा मिळे तो केवळ त्यांच्या औदार्याने.

कौसल्याबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, अलीकडे मुळीच ऐकू येत नाही. कप ठेवताना त्या म्हणत, "चार तवे मांडून बसलेत, भाकर एकबी न्हाई." भगवानराव नुसते हसत.

गेल्या महिन्यात अंबडच्या एका घरातून पाचवी तबकडी आली. सर्वांत आधीच्या साच्याची. भगवानरावांनी मला हाताला धरून नेले. पंखा थांबला, सुई टेकली आणि गाण्याआधीच एक स्वर उमटला. घंटा थांबल्यावर गाभाऱ्यात उरतो तसा. माझ्या वृद्ध कानांनाही तो स्पष्ट ऐकू आला.

"उगवला," मी म्हणालो.

"हिचा हाय तो," भगवानराव स्वयंपाकघराकडे पाहत म्हणाले. "भजन गाणारे हिचे मामा. लग्नाआधी त्यांच्या मागं हिनंच तंबोरा धरल्ता. पाकिटावर नाव न्हाई छापलं. म्हटलं, सूर तरी कुठं राह्यला असंल. हिचे कान शाबूत होते तवाच सापडाया पाहिजे होता."

ते आत गेले, कौसल्याबाईंना घेऊन आले, शेजारी बसवले, त्यांचा पिठाचा हात पुसून स्पीकरच्या लाकडी पेटीवर ठेवला आणि सुई पुन्हा पहिल्यापासून लावली.

कौसल्याबाईंनी डोळे मिटले. क्षणाने मांडीवरच्या दुसऱ्या हाताची बोटे तंबोऱ्याच्या चार तारा छेडावीत तशी हलू लागली. पंचम, जोड, जोड, खर्ज.

"खर्ज जरा उतरल्ता त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "मामा काही बोलले न्हाईत."

भगवानरावांनी माझ्याकडे पाहिले. त्या मुद्रेवर परीक्षकाचा नव्हे, उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याचा अभिमान होता.

कौसल्याबाईंनी पेटीवरचा हात काढला नाही. त्या दिवशी चहा भगवानरावांनी केला.